बायबलच्या अचूकतेवर शंका असताना ख्रिस्ती राहता येतं का?

दावीद राजाने केलेल्या शिरगणतीची हकिकत बायबलमध्ये दोनदा येते. २ शमुवेल २४ म्हणतं, परमेश्वराचा कोप इस्राएलवर भडकला आणि त्यानेच दाविदाला ही बुद्धी दिली. १ इतिहास २१ म्हणतं, ही बुद्धी सैतानाने दिली. पहिल्या ठिकाणी लढवय्ये भरतात इस्राएलात ८ लाख आणि यहूदात ५ लाख. दुसऱ्या ठिकाणी ११ लाख आणि ४ लाख ७० हजार. शेवटी दावीद एका यबूसी माणसाचं खळं विकत घेतो. शमुवेलात बैलांसकट ५० शेकेल (वजनाचं जुनं माप) चांदीला, इतिहासात त्या जागेचे ६०० शेकेल सोनं मोजून.

हे कोणा नास्तिकाने खणून काढलेलं गुपित नव्हे. दोन्ही पुस्तकं एकाच बांधणीत आहेत आणि यहुदी व ख्रिस्ती पंडितांना हा फरक शतकानुशतकं ठाऊक आहे. पण घरी स्वतः वाचताना तो पहिल्यांदा नजरेस पडला की माणूस हादरतो. रविवारी मंडळीत बसून "हे प्रभूचं वचन" ऐकताना आता मनात काय धरायचं, हा प्रश्न मग खरा होतो.

अडचण बहुतेक वेळा इथे होते: "शास्त्र विश्वसनीय आहे का" हा एकच प्रश्न वाटतो, पण त्यात निदान तीन गुंतलेले असतात. आज हातात आहे तेच मुळात लिहिलं गेलं होतं का? हा पाठाचा प्रश्न. जे लिहिलं ते तसंच घडलं का? हा इतिहासाचा. आणि त्या लिखाणाचा माझ्यावर अधिकार कोणता? हा श्रद्धेचा. पहिल्या प्रश्नातली अडचण तिसऱ्यावर टाकली की एका तळटिपेपायी माणूस चर्च सोडतो. उलट, तिसऱ्याचं उत्तर पहिल्या दोघांवर लादलं की डोळ्यांसमोरचा फरक नाकारावा लागतो.

नकला आणि पाठभेद

नव्या करारातल्या एकाही पुस्तकाची मूळ प्रत शिल्लक नाही. आहेत त्या नकलांच्या नकला: ग्रीक भाषेत साडेपाच हजारांहून अधिक, काही पूर्ण, पुष्कळशा तुकड्यांत. सर्वांत जुन्यांपैकी गणला जाणारा एक तुकडा मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहे. तळहाताएवढा पपायरस, त्यावर योहान १८ मधल्या काही ओळी. काळ साधारण दुसरं शतक. संपूर्ण नवा करार एकत्र मिळतो तो चौथ्या शतकातल्या सिनाय हस्तलिखितात.

या सगळ्या नकलांमधले पाठभेद मोजले तर आकडा ४-५ लाखांच्या घरात जातो. आकडा ऐकून घाबरायला होतं, पण पोथ्या जितक्या जास्त तितके भेद जास्त हे साधं गणित आहे. त्यांतले बहुतेक शुद्धलेखनाचे किंवा शब्दक्रमाचे आहेत. "येशू ख्रिस्त" की "ख्रिस्त येशू" अशा तऱ्हेचे. चुकांची कारणंही माणसाच्या हाताला शोभतील अशीच. जुन्या ग्रीक लेखनात दोन शब्दांमध्ये जागा सोडत नसत. दोन ओळी एकाच शब्दाने संपल्या की नकलनविसाची नजर खालच्या ओळीवर घसरे आणि मधला मजकूर गळे. समासात कोणी लिहिलेली टीप पुढचा नकलनवीस मजकुरात घेई. आणि एक सवय फार जुनी: एका शुभवर्तमानातलं वाक्य दुसऱ्यातल्या वाक्याशी जुळवून टाकायची.

प्रभूची प्रार्थना हे याचं रोजच्या तोंडातलं उदाहरण. प्रॉटेस्टंट मंडळीत ती "कारण की राज्य, पराक्रम व गौरव" या शब्दांवर संपते. कॅथलिक मंडळी त्याआधीच थांबतात. मत्तय ६:१३ च्या सर्वांत जुन्या ग्रीक प्रतींत ती ओळ नाही. उपासनेत म्हटली जाणारी ओळ पुढे मजकुरात शिरली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. लूक ११ मधली प्रार्थना तर आणखी आखूड आहे, आणि नंतरच्या नकलनविसांनी ती मत्तयाच्या मापाने लांबवली.

मूळ पाठापर्यंत पोचण्याची रीत मराठी वाचकाला परकी नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली ती याच रीतीने. पोथ्यांची घराणी लावायची, कोणती कोणावरून उतरली ते पाहायचं, आणि बाकीचे पाठ ज्याच्यापासून निपजले असतील असा पाठ निवडायचा. अवघड पाठाला सोप्यापेक्षा सहसा जास्त वजन, कारण नकलनवीस वाक्य सोपं करतो, मुद्दाम अवघड करत नाही. पोथ्यांची नुसती संख्या इथे निर्णायक नसते. एका चुकीच्या प्रतीवरून हजार नकला उतरल्या तरी ती साक्ष एकाचीच.

या कसोटीला न उतरलेले मोठे उतारे थोडेच, पण माहितीचे आहेत. मार्क १६:९-२० सिनाय आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या दोन्ही हस्तलिखितांत नाही. तिथे शुभवर्तमान रिकाम्या कबरीपाशी घाबरलेल्या स्त्रियांवर संपतं. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट (योहान ७:५३ ते ८:११) सर्वांत जुन्या प्रतींत सापडत नाही. "हे बापा, त्यांना क्षमा कर" (लूक २३:३४) काही महत्त्वाच्या जुन्या प्रतींत नाही, आणि त्याबद्दल अभ्यासकांत आजही एकमत नाही. १ योहान ५:७ मधलं "स्वर्गात साक्ष देणारे तिघे" हे त्रैक्याचं (बाप, पुत्र, पवित्र आत्मा एकच देव, या शिकवणीचं) वाक्य डच विद्वान इरॅस्मसने १५१६ आणि १५१९ च्या छापील ग्रीक आवृत्त्यांत घातलं नव्हतं. दबाव आल्यावर १५२२ मध्ये घातलं. आपल्या घरातल्या बायबलमध्ये या चार जागा उघडून कंस किंवा तळटीप आहे का ते पाहावं. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि अनुवादकांनी काय सांगितलं नि काय नाही ते कळतं.

तळटिपेचा जीवनमरणाशी संबंध नाही असंही नाही. मार्कच्या त्याच वादग्रस्त शेवटात "ते सर्प उचलतील" असं वाक्य आहे. अमेरिकेच्या अ‍ॅपलाचिया भागातल्या काही मंडळ्यांनी ते शब्दशः घेतलं. या प्रथेचा मुख्य प्रचारक जॉर्ज हेन्सली १९५५ मध्ये सर्पदंशानेच गेला.

जुन्या कराराची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि आमच्या मते खरा पेच तिथेच आहे. १९४७ पासून मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत सापडलेली यशयाची गुंडाळी तोवर हाताशी असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे १००० वर्षं जुनी निघाली, आणि मजकूर बारीकसारीक फरक सोडता मोठ्या प्रमाणात जुळला. हे प्रवचनांत नेहमी सांगितलं जातं. त्याच गुहांतलं यिर्मयाचं सहसा सांगितलं जात नाही. यिर्मयाचा जुना ग्रीक अनुवाद हिब्रू मजकुरापेक्षा सुमारे एक अष्टमांश आखूड आहे आणि त्यात प्रकरणांचा क्रमही वेगळा. अनुवादकाने काटछाट केली असावी, असं पूर्वी म्हणता येत होतं. कुमरानमध्ये त्या आखूड मजकुराशी जुळणारे हिब्रू तुकडेच सापडले. म्हणजे यिर्मयाची दोन रूपं हिब्रूतच शेजारी शेजारी नांदत होती. आता "मूळ प्रत" कोणती म्हणायची? १९७८ मध्ये अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल विद्वानांनी काढलेल्या शिकागो निवेदनात अचूकतेचा दावा मूळ प्रतींपुरता केला आहे. पुस्तक टप्प्याटप्प्याने वाढलं असेल तर त्यातला कुठला टप्पा "मूळ" धरायचा, हे त्या दाव्यातून कळत नाही.

जे लिहिलं ते घडलं का

येशूने मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकललं ते योहानात कार्याच्या सुरुवातीला (अध्याय २), मार्कात शेवटच्या आठवड्यात (अध्याय ११). मार्कानुसार शेवटचं भोजन वल्हांडणाचं आहे; योहान १९:१४ नुसार वधस्तंभाचा दिवस वल्हांडणाच्या तयारीचा, म्हणजे ते भोजन व्हायच्या आधीचा. यहूदा इस्कर्योत मत्तय २७ मध्ये गळफास घेतो, प्रेषितांची कृत्ये १ मध्ये शेतात पडून फुटतो. मत्तयाप्रमाणे येशूचा जन्म हेरोद राजा जिवंत असताना झाला, आणि हेरोद इ. स. पूर्व ४ मध्ये वारला असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. लूक तो जन्म सिरियाचा रोमी सुभेदार क्विरीनिय याच्या नावनोंदणीशी जोडतो, आणि ती नोंदणी इ. स. ६ ची. हे अंतर बुजवायचे प्रयत्न पुष्कळ झाले. बहुतेक इतिहासकारांना ते पटलेले नाहीत.

अशा जागी भाविक वाचक पहिली चूक करतो ती मेळ बसवण्याची. पेत्राच्या नाकारण्याचे तपशील चारही शुभवर्तमानांत जुळेनात, तेव्हा १९७६ मध्ये एका अमेरिकन लेखकाने पेत्राने प्रभूला सहा वेळा नाकारलं असा तोडगा सुचवला. चारांपैकी एकही शुभवर्तमान सहा वेळा म्हणत नाही. चौघांना खरं ठरवण्याच्या नादात कोणीच न लिहिलेलं पाचवं शुभवर्तमान तयार झालं.

हा मोह जुना आहे आणि चर्चने तो एकदा नाकारलेलाही आहे. इ. स. १७० च्या सुमारास तातियान नावाच्या लेखकाने चारही शुभवर्तमानं एकत्र ओवून एक सलग हकिकत केली. सिरियाच्या मंडळ्यांत ती पाचव्या शतकापर्यंत वाचली जाई. मग थिओडोरेट या बिशपने आपल्या भागातल्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून बाजूला केल्या आणि त्यांच्या जागी चार वेगवेगळी शुभवर्तमानं ठेवली. गुळगुळीत एकच कथा हाताशी असताना चर्चने न जुळणाऱ्या चार राखल्या. विसंगती दिसली की श्रद्धा संपली, असं त्या काळच्या ख्रिस्ती माणसाला वाटत नव्हतं.

तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ओरिजेन तर विचारी की सूर्य, चंद्र, तारे नसताना पहिले तीन दिवस झाले असं कोणता शहाणा माणूस शब्दशः मानेल? त्याचा निष्कर्ष "म्हणून हे खोटं" असा नव्हता; शब्दशः अर्थ बसत नाही तिथे लेखक आत शिरायला सांगतो आहे, असा होता. प्रत्येक जागी ही युक्ती चालत नाही. क्विरीनियाची नोंदणी हे रूपक म्हणून वाचायला कोणी गेलं तर ती पळवाटच ठरेल. लूकने तारीख द्यायचा प्रयत्न केला आणि बहुधा ती चुकली, असं म्हणून पुढे जाणं जास्त प्रामाणिक.

आकडे आणि तारखा हा तसा हलका भाग. जड भाग नीतीचा आहे. १ शमुवेल १५ मध्ये अमालेकी लोकांची बायकामुलं, तान्ही बाळंही मारून टाकण्याची आज्ञा परमेश्वराच्या नावाने येते. इथे हस्तलिखितं मदतीला येत नाहीत, उत्खननही येत नाही. चौथ्या शतकात न्यूसाचा ग्रेगरी मिसरातल्या पहिल्या मुलांच्या मृत्यूबद्दल सरळ विचारतो: दुष्टपणा राजाचा, शिक्षा तान्ह्या बाळाला, यात न्याय कुठे? आणि शब्दशः अर्थ सोडून पापाच्या पहिल्या अंकुराला मारण्याचा अर्थ घेतो. ग्रेगरी चर्चच्या मान्य आचार्यांपैकी एक. त्याचं उत्तर आज सगळ्यांना पुरेल असं नाही. त्याआधी, १४४ च्या सुमारास, रोममधल्या मार्सियन या शिक्षकाने दुसरी वाट धरली होती: जुना करारच टाकून द्या. ती वाट चर्चने नाकारली. तेव्हापासून ख्रिस्ती माणसाला हे उतारे पोथीत ठेवून त्यांच्याशी झगडावं लागतं.

कोणत्या चर्चचं म्हणणं काय

"ख्रिस्ती असायचं तर बायबल अक्षरशः अचूक मानलंच पाहिजे" हे वाक्य सगळ्या चर्चचं मत असल्यासारखं सांगितलं जातं. प्रेषितांचा मतांगीकार (उपासनेत म्हटली जाणारी विश्वासाची जुनी कबुली) काढून वाचा. बाप, पुत्र, पवित्र आत्मा, मंडळी, पापांची क्षमा, पुनरुत्थान हे सगळं त्यात आहे. शास्त्राचा उल्लेखच नाही. निकियाच्या मतांगीकारात "शास्त्राप्रमाणे" तिसऱ्या दिवशी उठला आणि आत्मा "संदेष्ट्यांच्या द्वारे बोलला" एवढं येतं. पुस्तकाच्या अचूकतेचं कलम दोन्हींत नाही.

कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १८ नोव्हेंबर १९६५ च्या दस्तऐवजात म्हटलं की आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य लिहून ठेवायचं होतं ते शास्त्र निश्चितपणे आणि चूक न करता शिकवतं. या वाक्याची व्याप्ती किती यावर कॅथलिक विद्वानांतही वाद आहे, पण खळ्याची किंमत त्यात बसवण्याची सक्ती फारसं कोणी करत नाही. अँग्लिकन परंपरेच्या ३९ कलमांपैकी सहावं म्हणतं, तारणासाठी आवश्यक ते सर्व शास्त्रात आहे. १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया याच वळणाचं आहे. शिकागो निवेदन मात्र इतिहास आणि विज्ञानाच्या विधानांनाही अचूकता लागू करतं, आणि अनेक स्वतंत्र व पेंटेकोस्टल मंडळ्यांच्या विश्वासपत्रकांत तशीच भाषा असते. म्हणून "चर्च काय म्हणतं" असं न विचारता "माझी मंडळी काय म्हणते" असं विचारावं.

पुस्तकांची यादीही एकाच दिवशी ठरली नाही. नव्या कराराची आजची २७ पुस्तकं नेमकी याच यादीत पहिल्यांदा दिसतात ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या इ. स. ३६७ च्या पत्रात. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं, कॅथलिक बायबलमध्ये ७३, इथिओपियन ऑर्थोडॉक्स परंपरेत ८१. ल्यूथरने १५२२ मध्ये याकोबाच्या पत्राला गवताचं, म्हणजे कमी मोलाचं, पत्र म्हटलं आणि तरीही ते अनुवादात ठेवलं. उलट बाजूची एक थापही इथेच खोडावी: सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ च्या निकिया परिषदेत बायबलची पुस्तकं ठरवली, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. त्या परिषदेच्या २० नियमांत पुस्तकांच्या यादीचा विषयच नाही. शंका घेणाऱ्यानेही आपल्या बाजूचं सगळं तपासून घ्यावं.

आपल्याकडचा इतिहास पाहिला तर ग्रंथ आणि श्रद्धा यांचं नातं आणखी वेगळं दिसतं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात राशोल इथे छापलं गेलं. सुमारे ११ हजार ओव्या, आदामापासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंत. मराठी नवा करार सेरामपूरहून छापून आला १८११ मध्ये. मधली जवळपास दोनशे वर्षं गोव्यातल्या साष्टीतला ख्रिस्ती माणूस पुराण, मिस्सा आणि प्रार्थना यांवर श्रद्धा बाळगून होता. त्याच्या भाषेत छापील शुभवर्तमान नव्हतंच. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर त्रैक्याचा सिद्धांत पटत नसल्याचं तिथल्या भगिनींना पत्रांतून स्पष्ट कळवलं. त्यांचा वाद शास्त्राशी नव्हता, चर्चच्या अधिकाराशी होता; पण समोरच्याचं दडपण असतानाही न पटलेलं पटलं म्हणायचं नाही, ही त्यांची रीत इथे कामाची आहे. पुढे त्याच रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावात संपूर्ण बायबलचा मराठी अनुवाद केला. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये छापून पूर्ण झाला.

कुठे शंका जड पडते

सगळ्या शंका सारख्या वजनाच्या नसतात, आणि हे दडवण्यात अर्थ नाही. पौल १ करिंथ १५ मध्ये म्हणतो, ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. हीच अट त्याने शिरगणतीच्या आकड्यावर घातलेली नाही. हे पत्र साधारण इ. स. ५३ ते ५५ मधलं, म्हणजे मार्काच्या शुभवर्तमानाच्या पंधरा-एक वर्षं आधीचं. त्यात पौल आपल्याला आधीच मिळालेली परंपरा सांगतो: ख्रिस्त मेला, पुरला गेला, उठला, केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, बारा जणांना दिसला. कबरीपाशी एक तरुण होता (मार्क) की दोन देवदूत (योहान), हा तपशील त्यात नाही. शुभवर्तमानांतली तफावत जशीच्या तशी मान्य केली तरी ही जुनी साक्ष उरते. इतिहासकार एवढं म्हणू शकतो की अनुयायांचा हा विश्वास फार लवकरचा आहे. येशू खरोखर उठला का, याचा निकाल पाठचिकित्सेच्या हातात नाही. तिथेच "नाही" असं उत्तर येत असेल, तर ती शंका बायबलच्या अचूकतेची उरत नाही. ती ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्याची आहे, आणि तिला त्याच नावाने ओळखावं.

प्रत्यक्ष कामाला लागायचं तर सुरुवात मार्कापासून करावी. १६ अध्याय, मोठ्याने वाचायला दीड-दोन तास. मत्तयाने मार्कातला सुमारे नऊ दशांश मजकूर घेतला आहे, म्हणून आधी मार्क वाचला की मत्तयाने काय बदललं ते दिसतं. मग चारही दुःखसहनाच्या कथा एकेका संध्याकाळी: मार्क १४-१६, मत्तय २६-२८, लूक २२-२४, योहान १८-२०. कागदावर चार रकाने पाडून प्रत्येकाचं वेगळेपण टिपावं, पण मेळ बसवू नये. प्रत्येक टिपेपुढे ती पाठाची आहे, इतिहासाची की नीतीची, हे लिहावं. दुसरा अनुवाद शेजारी ठेवावा. बायबल सोसायटीच्या पवित्र शास्त्राजवळ फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल चांगलं चालतं. इंटरनेटवरच्या "पाचशे विसंगती" छापाच्या याद्या बाजूला ठेवाव्यात. त्यांत शुद्धलेखनाचा फरक आणि अमालेकी बाळं एकाच रांगेत उभी असतात.

मंडळीत बोलताना जागा निवडावी. प्रार्थनासभेत साक्ष चालू असताना क्विरीनियाचा प्रश्न काढला तर उत्तर मिळत नाही, लोक दुखावतात. पाळकांना किंवा धर्मगुरूंना एकटं भेटावं. सेमिनरीत शिकलेल्या बहुतेकांनी हे सगळं परीक्षेसाठी वाचलेलं असतं. पुलपिटवरून सांगत नाहीत इतकंच. "तुमचा यावर विश्वास आहे का" असं न विचारता "सेमिनरीत तुम्हाला यिर्मयाबद्दल काय शिकवलं" असं विचारलं तर संभाषण लवकर मोकळं होतं.

सही करायची वेळ आली तर मात्र सावध राहावं. बाप्तिस्मा किंवा दृढीकरणाच्या वेळी कॅथलिक चर्चमध्ये आणि जुन्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत जो विश्वास कबूल करायचा असतो तो मुख्यतः मतांगीकारातला. संडे स्कूलचे शिक्षक, संस्थेतले कर्मचारी किंवा स्वतंत्र मंडळीचे सभासद यांच्यापुढे जे विश्वासपत्रक येतं, त्याचं पहिलंच कलम पुष्कळदा शास्त्राच्या अचूकतेचं असतं. ते मान्य नसेल तर सही करण्याआधी लेखी विचारून घ्यावं की त्या कलमाचा अर्थ संस्था कसा लावते आणि त्यावर मतभेद नोंदवून सभासद राहता येतं का. काही ठिकाणी येतं.